मोजणारा माणूस

धकाते काकांच्या लॅबमध्ये कोणी बाही वर करून हात पुढे केला, तरी ते लगेच सुई उचलत नसत. चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "काहून?" म्हणजे का, कशासाठी. एवढा एकच शब्द. रक्त काहून तपासायचं, कोणी सांगितलं, नेमकं काय होतंय. उत्तर येईपर्यंत ते समोरच्याकडे शांतपणे बघत राहत. अड्याळमध्ये अनेकांना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटे. किराणा दुकानात साखर मागावी आणि दुकानदारानं साखर कशाला पाहिजे असं विचारावं, तसं.

पहिल्या भेटीत मलाही तसंच वाटलं होतं. मी तेव्हा भंडाऱ्याहून रोज एसटीनं अड्याळच्या शाळेत जात असे. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवायची. कोरोनाची साथ ओसरून वर्ष झालं होतं. त्या काळात घरोघर आल्या तशा आमच्याही घरी गोळ्यांच्या पट्ट्या आल्या होत्या. साथ गेली, गोळ्या राहिल्या. त्यातच एकदा डॉक्टरांनी मला पाय दुखतात म्हणून ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी लिहून दिली होती, आठवड्याला एक, आठ आठवडे. आठ आठवडे संपले, पण चिठ्ठी माझ्या पर्समध्येच होती आणि औषधाच्या दुकानात ती कोणी बारकाईनं वाचत नव्हतं. पुढे मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला. प्रतिकारशक्ती टिकवायची तर आठवड्याला एक पुडी पुरत नाही, असं तो माणूस फार खात्रीनं सांगत होता. मी एक दिवसाआड घेऊ लागले. जीवनसत्त्वच ते. त्यानं वाईट काय होणार?

सातआठ महिन्यांनी तोंडाला सतत कोरड पडायला लागली. अन्न समोर आलं की मळमळे. वर्गात उभं राहवेना. मला वाटलं, आणखी कशाची तरी कमतरता आहे. मोबाइलवरूनच तपासण्यांची एक लांबलचक यादी उतरवली आणि मधल्या सुट्टीत धकातेंची लॅब गाठली.

त्यांनी यादी वाचली, काचेच्या वजनाखाली ठेवली आणि विचारलं, "काहून?"

मी चिडले. माझं रक्त, माझी इच्छा, असं काहीतरी बोलले. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. सध्या काय काय घेता, असं त्यांनी विचारलं. मी जरा अभिमानानंच सगळं सांगितलं. पुडीचं नाव ऐकून त्यांनी ती कधीपासून आणि किती दिवसांनी घेता ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, "पोरायले काय शिकवता तुमी?"

"विज्ञान."

"मंग जीवनसत्त्वाचा धडा असन त्याच्यात."

होता ना. दर वर्षी मीच तो फळ्यावर लिहून देत होते. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे मेदात विरघळतात व शरीरात साठून राहतात. त्या खुर्चीत बसल्याबसल्या मला माझाच आवाज ऐकू आला, आणि त्या वाक्याचा माझ्या शरीराशी काही संबंध असेल हे तोवर कधी मनातही आलं नव्हतं. धकातेंनी यादीतल्या एकाही तपासणीला हात लावला नाही. रक्तातलं कॅल्शियम आणि मूत्रपिंडाची एक तपासणी, एवढंच केलं. दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी कागद हातात देऊन म्हणाले की आज शाळेत जाऊ नका, आल्या गाडीनं भंडाऱ्याला परत जा आणि मोठ्या डॉक्टरांना दाखवा. काय झालंय, असं मी विचारलं.

"मी डॉक्टर नाही जी," ते म्हणाले. "मी मोजणारा माणूस. पन हे माप चांगलं नाही."

चार दिवस मी सलाईनवर होते. पुड्यांमुळे रक्तातलं कॅल्शियम इतकं चढलं होतं की आणखी महिनाभर तसंच चाललं असतं तर मूत्रपिंडं हातची गेली असती, असं डॉक्टरांनी सांगितलं. बरी होऊन शाळेत आले त्या दिवशी संध्याकाळची गाडी यायला वेळ होता, म्हणून आभार मानायला गेले. त्यांनी आभार वगैरे घेतले नाहीत. आतून चहा मागवला. त्यानंतर शाळा सुटल्यापासून गाडी येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास मी बहुतेक त्यांच्याकडेच काढू लागले.

वामनराव धकाते मूळचे कोष्ट्यांच्या घरातले. त्यांचे वडील हातमागावर लुगडी विणत. आता जिथे लॅब होती त्याच खोलीत मागाचा खड्डा होता. विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसे. माग गेल्यावर तो खड्डा सिमेंटनं बुजवला होता, पण फरशीवर त्याचा चौकोन दिसत असे आणि रुग्णाची खुर्ची नेमकी त्या चौकोनावर असे. काकांनी सरकारी दवाखान्यांमध्ये लॅब टेक्निशियन म्हणून तीस-बत्तीस वर्षं नोकरी केली होती. हिवतापाच्या आणि सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून बघून त्यांचा डावा डोळा कायमचा किंचित मिटलेला राहिला होता.

बोलण्यात वडिलांचा धंदा डोकावत असे. कोणी एकच रिपोर्ट घेऊन घाबराघुबरा आला की म्हणत, "एका सुतावरून लुगडं नाही पारखत बावा." आणि मग डॉक्टरांकडे धाडत. अंगात ताकद नाही म्हणून ‘ताकदीची सलाईन’ लावून घेणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग होता. त्यात मीठ-साखरेचं पाणी असतं, त्यापेक्षा घरची आंबील प्या, असं ते ठणकावून सांगत. प्रतिकारशक्ती वाढवायचं औषध आहे का, असं एकदा एका शेतकऱ्यानं विचारलं, तेव्हाचं उत्तर मी पुढे वर्गातही वापरलं. "खळ्यावर राखणदार ठेवता ना तुमी? तो कसा पाह्यजे? चोर ओळखनारा पाह्यजे. दिसन त्याले काठी हाननारा ठेवला, तं तो घरच्यायचेच पाय मोडन." प्रतिकारशक्ती नुसती वाढवत नेली तर ती आपल्याच सांध्यांवर उठते, हे त्या शेतकऱ्याला त्या एका राखणदारात समजलं.

मात्र ते जीवनसत्त्वांच्या विरोधात होते असं कोणी समजू नये. एका भजनी म्हाताऱ्याच्या पायांना मुंग्या येत, तोल जाई. घरच्यांनी म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. काकांनी त्याचं बी-बारा तपासलं, ते जवळजवळ नव्हतंच. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि म्हातारा पुन्हा टाळ घेऊन उभा राहायला लागला. "कमी असन तं द्या, बिनधास्त द्या," काका म्हणत. "पन कमी आहे का नाही, ते आधी पाहा तं खरं."

त्यांच्या बायकोला, कुसुमकाकूंना, पुष्कळ वर्षांपासून मधुमेह होता. काकू बोलायला कमी. चहा आणून ठेवत आणि दाराशी उभ्या राहत. महिन्यातून एकदा काका त्यांना त्या खुर्चीवर बसवत, बोटाला सुई टोचत, आकडा वहीत लिहीत आणि म्हणत, "ठीक आहे, जा." काकू पदरानं बोट पुसत आत जात. हे मी चार-पाच वेळा पाहिलं असेल. त्यात काही खटकण्यासारखं मला तेव्हा दिसलं नाही.

त्या हिवाळ्यात गावातल्या एका सभागृहात मोफत आरोग्य शिबिर लागलं. बाहेरगावची माणसं होती. त्यांच्याकडे एक यंत्र होतं. मुठीत धातूची कांडी धरायची, मिनिटभर थांबायचं आणि लगेच रंगीत छापील रिपोर्ट. हृदय, यकृत, सगळी जीवनसत्त्वं, प्रतिकारशक्ती, सगळं त्यात. रक्ताचा एक थेंब नाही. रिपोर्टनंतर शेजारच्या टेबलावर पावडरीचे डबे. रांग दारापर्यंत होती.

काका तिथे गेले, आणि त्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा लवकर सुटल्यामुळे मीही बरोबर होते. त्यांनी आपलं नाव, वय, वजन सांगितलं. कांडी घेण्याआधी खांद्यावरचा दुपट्टा पाण्यानं भिजवून पिळला. यंत्रावरच्या माणसाचं लक्ष पडद्याकडे होतं. काकांनी कांडी त्या ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून बाकावर ठेवली आणि स्वतः हात मागे बांधून उभे राहिले. यंत्रानं रिपोर्ट काढला. ओल्या दुपट्ट्याच्या रक्तवाहिन्या कडक झाल्या होत्या, यकृतावर चरबी होती आणि त्याला तीन जीवनसत्त्वं कमी पडत होती. काकांनी तो रिपोर्ट मोठ्यानं वाचून दाखवला. सगळं सभागृह हसलं. दुपार टळायच्या आत शिबिर गुंडाळलं गेलं.

पुढचे दोन महिने गावात हीच गोष्ट होती. पानठेल्यावर, बाजारात, आमच्या शिक्षकांच्या खोलीत. काका ती प्रत्येकाला सांगत आणि दर वेळी यकृतावरच्या चरबीशी येऊन थांबत, म्हणजे लोक हसतील. डबा घेतलेला कोणी भेटला की त्याला विचारत, "काय रे, दुपट्ट्यानं घेतलेली पावडरच तू घेतली का?" मी हसणाऱ्यांत होते. वर्गातही ही गोष्ट मी मोठ्या रंगात सांगितली.

पाऊस सुरू झाल्यावर एक दिवस लॅबला कुलूप दिसलं. शेजारच्यांनी सांगितलं, कुसुमकाकूंना नागपूरला नेलं आहे.

झालं होतं असं. उन्हाळ्यात काकू शहापूरला धाकट्या बहिणीकडे गेल्या होत्या. तिथेही तसंच शिबिर होतं, तसंच यंत्र. बहिणीनं आग्रहानं नेलं. यंत्रावरच्या मुलीनं काकूंना सांगितलं की तुमचं शरीर आतून थकलं आहे, जीवनसत्त्वं संपली आहेत. साखरेच्या गोळ्यांनी मूत्रपिंड खराब होतं, ही पावडर घेतली तर गोळ्यांची गरज राहणार नाही. काकूंनी डबा आणला, तांदळाच्या कोठीत लपवला आणि गोळ्या बंद केल्या. महिन्याच्या तपासणीची वेळ आली की आज उपास आहे, आज बोट दुखतं, असं काहीतरी सांगत. काकांनीही फार धरलं नाही. बायकोची साखर इतकी वर्षं ठीकच येत होती. मग धानाचं धसकट पायात गेलं. पाय बधिर झालेला असल्यामुळे दुखलं नाही. काकूंनी हळद लावली, वरून फडकं बांधलं. काकांना कळलं ते वासानं. त्या दिवशी त्यांनी साखर मोजली, तर त्यांच्या छोट्या यंत्रावर आकडाच उमटला नाही. मापाच्या पलीकडे गेली होती.

रविवारी मी नागपूरला भेटायला गेले. काकूंच्या उजव्या पायाची दोन बोटं काढावी लागली होती. काका खाटेशेजारच्या स्टुलावर बसले होते आणि पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, मला काहून नाही सांगितलं. माझ्यासमोरही विचारलं. काकू छताकडे बघत जे बोलल्या ते मी विसरू शकत नाही. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"सांगू कोन्या तोंडानं? दुपट्ट्याची गोष्ट तुमी साऱ्या गावाले सांगून राहिले होते. मी बी तसल्याच रांगेत उभी राहिली, हे सांगतलं असतं तं तुमी माह्यावर बी हासले असते."

काका म्हणाले, "पन मी दर महिन्याले तुह्यं रक्त पाहत होतो ना."

"रक्त पाहत होते. मले नाही पाह्यलं," काकू म्हणाल्या. "त्या पोरीनं माहा हात हातात घेतला. झोप लागते का म्हनून इचारलं. पाय जळजळ करतात का म्हनून इचारलं. अर्धा घंटा बसली माह्याजवळ. तुमी एवढ्या वर्षांत आकडा लिहिला आन् जा म्हनलं. तो आकडा कायचा होता, तो वाढला तं काय होते, हे कधी सांगतलं का मले?"

काका उठले आणि पाण्याची बाटली भरून आणायला गेले. बाटली भरलेलीच होती.

परतीच्या गाडीत मी त्या मुलीचाच विचार करत होते. ती खोटं बोलली होती, त्या खोट्यानं एका बाईची दोन बोटं गेली होती. आणि तरीही त्या बाईला जे हवं होतं ते त्या मुलीनंच दिलं होतं, आम्ही दिलं नव्हतं. आमच्याकडे फक्त खरं होतं, आणि ते आम्ही दुसऱ्याला हसायला वापरलं.

लॅब दीड-दोन महिने बंद होती. उघडली तेव्हा आत दुसरी खुर्ची आली होती, काकांच्या खुर्चीसमोर, टेबल मधे न येता. काका आता रिपोर्ट हातात देत नसत. समोर बसून वाचून दाखवत. हे काय आहे, किती पाहिजे, तुमचं किती आलं, आणि यात काय कळत नाही तेही. दुपट्ट्याची गोष्ट मी त्यांच्या तोंडून पुन्हा कधी ऐकली नाही. कोणी आठवण काढलीच तर ते खाली बघून सुईची टोपणं मोजायला लागत.

त्या शिबिरांचे रिपोर्ट घेऊन लोक अजूनही येत, पण आता पिशवीत लपवून न आणता. काका पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं उलटत आणि विचारत, "यातलं कोनतं पान वाचून भेव वाटलं?" मग त्या पानावरून बोलायला सुरुवात होई. एक शेतकरी बाई तिच्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीचे सांधे दुखत. रिपोर्टमध्ये मुलीची हाडं कमकुवत आणि प्रतिकारशक्ती कमी असं लिहिलं होतं. ती बाई पाच महिने लोहाची पावडर आणि कॅल्शियम देत होती. काकांनी रिपोर्ट बाजूला ठेवून मुलीलाच विचारलं की दुखतं कधी. थंडीत, ती म्हणाली, आणि धानाच्या रोवणीत दिवसभर पाण्यात उभं राहिलं की. मामाकडे कोणाला असं होतं का, असं त्यांनी आईला विचारलं. आईचा एक भाऊ लहानपणीच गेला होता, त्याचेही सांधे असेच धरायचे. काकांनी स्वतः तपासणी केली नाही. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, असं सांगून त्यांनी चिठ्ठी दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तिथे जाऊन उभे राहिले. मुलीला सिकलसेल निघाला. आज ती औषधावर आहे, शाळा पूर्ण करून पुढे शिकते आहे. तिची आई मला एकदा म्हणाली की तो कागद घेऊन मी महिनाभर लॅबच्या दारावरून जात होते, आत शिरायची हिंमत होत नव्हती, म्हातारा गावासमोर हसतो असं ऐकलं होतं. काकांना मी हे सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, हे अजून ठरवता आलेलं नाही.

माझी बदली भंडाऱ्याला झाली आणि भेटी कमी झाल्या. गेल्या वर्षी कळलं, काकांना पोटाचा कर्करोग आहे आणि तो पसरला आहे. मी गेले तेव्हा ते घरात खाटेवर होते. दुसऱ्यांचं रक्त तपासणाऱ्याला स्वतःचं कसं कळलं नाही, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणत होते. त्यांना त्याचा राग नव्हता. "माह्या सुईत जेवढं दिसते तेवढंच दिसते, मॅडम," ते म्हणाले. "सारं नाही दिसत. हे मले बी उशिरा समजलं."

खाटेजवळच्या फळीवर डबे आणि बाटल्या होत्या. गुळवेलीचा काढा, कसलंसं चूर्ण, गोमूत्राची बाटली, पाण्यात मिसळायचे थेंब, आणि चक्क त्याच कंपनीची पावडर. गावकरी आणून देत होते. पूर्वीचे काका असते तर एकेका डब्यावरून भाषण झालं असतं. त्यांनी यातलं काही घेतलं नव्हतं, पण परतही केलं नव्हतं. जो आणे त्याला ते आपल्या डॉक्टरांचे कागद दाखवत, कोणतं औषध कशासाठी आहे ते सांगत, आणि तुझ्या घरी हे कोण घेतं, किती दिवसांपासून, त्याची दुसरी औषधं चालू आहेत ना, हे विचारून घेत. एका माणसाची बंद केलेली दम्याची औषधं त्यांनी त्या खाटेवरून पुन्हा सुरू करवली.

दिवाळी झाल्यावर ते गेले.

तेराव्यानंतर मी काकूंना भेटायला गेले. त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या, उजवा पाय पाटावर ठेवून. साखर आता त्या स्वतः मोजतात, स्वतः लिहितात. आम्ही बोलत होतो, तेवढ्यात फाटकातून एक मध्यमवयीन बाई आत आली. तिच्या हातात तसलाच रंगीत रिपोर्ट होता. लॅब बंद झाल्याचं तिला ठाऊक नव्हतं. धकाते डॉक्टर आहेत का, असं तिनं विचारलं. ते डॉक्टर नव्हते आणि आता नाहीत, हे मी सांगायला तोंड उघडलं, पण काकूंनी मला हातानं थांबवलं.

त्यांनी त्या बाईला शेजारी बसवलं. रिपोर्ट हातात घेतला आणि न वाचता मांडीवर पालथा ठेवला. म्हणाल्या, "मले यातलं काही समजत नाही माय. सरकारी दवाखान्यात कोनाले भेटाचं, तेवढं सांगन. पन आधी सांग, तुले काय होऊन राहिलं?"

बाईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग काकूंच्या पायाकडे. आणि सांगायला लागली. बराच वेळ सांगत होती. काकूंनी तिला मधे एकदाही थांबवलं नाही.